लेक कोल्हापूरला शिकायला चालली आहे: राहणं, जेवण, खर्च याबद्दल सांगा

वऱ्हाडची_माय | ४ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आम्ही अकोल्याचे. लेकीला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सला प्रवेश मिळाला आहे. पुण्याचंही चाललं होतं, पण पुण्यात माझा भाचा राहतो त्या खोलीचं भाडं ऐकलं आणि ह्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. कोल्हापूर स्वस्त आहे असं जो तो म्हणतो. स्वस्त म्हणजे किती आणि कशामुळे, ते कोणी सांगत नाही. आमच्या घरात त्या गावाची माहिती एवढीच: अंबाबाई, चपला आणि तिखट. तिखटाचं आम्हाला भ्या नाही, आम्ही वऱ्हाडातले.

होस्टेल मिळालं नाही तर खोली कुठल्या भागात पाहावी? मेसचं जेवण कसं असतं? महिन्याला किती पाठवावे लागतील? आणि एकटी पोरगी, तिकडे ओळखीचं कोणी नाही, करमेल का तिला? ती म्हणते, "आई, असलं काही लोकांना विचारत बसू नको, हसतील." म्हणून तिला न सांगता विचारते आहे.

तिकटीवरचा | ४ जुलै, रात्री ९:२२

ताई, काय काळजी करू नगासा. पोरगी येऊ दे बिनघोर. करमंल का म्हणून काय विचारतायसा, दोन वर्सांनी न्यायला आलासा तर यायची न्हाई. तिखटाचं म्हणाल तर तुमचं वऱ्हाडी जिभंला लागतंय, आमचं दुसऱ्या दिवशी कळतंय.

उगीच_आपलं | ४ जुलै, रात्री ९:३०

मिसळीचा विषय निघायला किती प्रतिसाद लागतात ते मोजतोय.

सागरमाळ | ५ जुलै, सकाळी ७:३५

मी २००९ ते ११ विद्यापीठात होतो. मूळचा भुदरगड तालुक्यातला, आता नोकरी नाशिकला. पुतणी सध्या तिथेच शिकते, म्हणून आकडे ताजे देऊ शकतो.

आधी प्रवास. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस तुमच्या अकोल्यावरूनच जाते आणि थेट कोल्हापुरात थांबते, पुढे जायला रूळच नाहीत. वेळ भरपूर खाते. पण ट्रंक, गादी, लोणच्याच्या बरण्या घेऊन येणाऱ्या पोरीला गाडी बदलावी लागत नाही हे मोठं सुख आहे.

विद्यापीठ शहराच्या कडेला सागरमाळावर आहे. ८५३ एकर. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन उद्घाटनाला आले होते. त्या वेळी इथे उघडा माळ होता असं आमचे सर सांगायचे. आता झाडी एवढी की मुख्य इमारतीसमोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा हीच नव्या माणसाची खूण. तळी आहेत, मोर आहेत. मोरांचं कौतुक पहिले पंधरा दिवस वाटतं, मग परीक्षेच्या पहाटे ते ओरडायला लागले की उतरतं. मुलींची वसतिगृहं आवारातच आहेत. अर्ज लगेच टाका, "प्रवेशाचं सगळं मार्गी लागू दे, मग बघू" असं म्हणत थांबू नका.

नाहीच मिळालं तर राजारामपुरी, सायबर चौक, प्रतिभानगर, राजेंद्रनगर, सरनोबतवाडी. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, लोक पत्ता सांगताना नुसतं "पाचवी गल्ली", "आठवी गल्ली" म्हणतात. पुतणी आणि तिची मैत्रीण मिळून एका खोलीत आहेत, तिच्या वाट्याला २,२०० येतात. दोन वेळचा डबा २,८००. चहा-नाश्ता, झेरॉक्स, रिचार्ज, केएमटीची बस, कधी सिनेमा असं सगळं धरून साडेसात-आठ हजारांत ती महिना बसवते. वहिनी दहा पाठवतात. उरलेल्याचे ड्रेस येतात. ती हे वाचत नसावी अशी आशा आहे. फी वेगळी, पण शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायला विसरू नका, उत्पन्नाचा दाखला अकोल्यातच काढून ठेवा. नाहीतर त्या एका कागदासाठी पुन्हा महाराष्ट्र एक्स्प्रेस.

मी स्वतः "कमवा व शिका"मध्ये होतो. कल्पना मुळात कर्मवीर भाऊराव पाटलांची, विद्यापीठात ती पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी रुजवली. दिवसातले काही तास विद्यापीठाचंच काम करायचं, बाकी वेळ शिकायचं. कुणी कार्यालयात, कुणी बागेत. मला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय मिळालं. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. पहिल्या वर्षी लाज वाटायची, आपल्याच वर्गातल्या पोरांनी टेबलावर टाकून दिलेली पुस्तकं आपण उचलायची. दुसऱ्या वर्षी उलटं झालं. कुठलं पुस्तक कुठल्या मांडणीत हे मलाच ठाऊक, त्यामुळे परीक्षेच्या आधी सगळे माझ्या मागे. मेसचं बिल त्या पैशांत भागायचं. घरून पैसे मागवायला लागले नाहीत, आणि घरी द्यायला नव्हतेच, त्यामुळे बरं झालं.

पंचगंगा_काठ | ५ जुलै, सकाळी १०:०२

वरची माहिती चांगली आहे, एक भर घालतो. खोली बघायला गेलात की घरमालकाला न लाजता विचारा: २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? २०२१ ला? कोल्हापुरात हे उत्तर प्रत्येकाला पाठ असतं, लोक पायरीवर बोट ठेवून दाखवतात. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा इकडे पाणी चढतं. विद्यापीठाचा माळ उंचावर आहे. भाडं फारच कमी आणि खोली तळमजल्यावर असली तर तिथेच थांबून कारण विचारायचं.

मधली_सुट्टी | ५ जुलै, दुपारी १:४८

मी सावंतवाडीची. २०१८ ते २० विद्यापीठात होते, सायबर चौकाजवळ चौघीजणी राहायचो. ताई, मुलगी म्हणून जे विचारायचं असतं ते मी सांगते.

आमच्या घरमालकीण काकी खालीच राहायच्या. गेट साडेनऊला बंद म्हणजे बंद. पहिला महिना मी घरी फोन करून रोज कुरकुर केली. दुसऱ्या महिन्यात मला ताप भरला, तर काकी तीन दिवस पेज घेऊन जिना चढल्या. गुडघ्याचं दुखणं होतं त्यांना. बरी झाल्यावर मला वाटलं आता गेटचं जरा सैल होईल. छे. साडेनऊ. हे असंच असतं तिथे, माया पण आणि कुलूप पण. दोन्ही झेपत असेल तर घरगुती खोली घ्या, नाहीतर वसतिगृह बरं.

एकटीने फिरायची भीती मला तिथे फारशी वाटली नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर सगळं शहरच आलेलं असतं. रात्री उशिराचं मात्र सरसकट सांगणार नाही, विद्यापीठाकडचा रस्ता नऊनंतर सुना पडायचा, आम्ही तिथून एकेकटीने येत नव्हतो.

बोलीची सवय व्हायला वेळ लागेल. पहिल्याच आठवड्यात वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मी जातो, उद्या येतो." मला वाटलं चेष्टा करते. तर नाही, कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना जातो, येतो, खातो असंच म्हणतात. काकीसुद्धा. "मी देवळात जाऊन येतो, दूध बघा."

आणि फुटबॉल! हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ खेळतात: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. तालीम म्हणजे कुस्तीच असं मला वाटायचं, तर तालमींचेच फुटबॉल संघ. आमच्या वर्गात एक मुलगा होता, सेमिनारमध्ये त्याचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही. पाटाकडीलच्या मॅचला आम्ही घोळक्याने गेलो तेव्हा तोच गडी कठड्यावर उभा राहून रेफ्रीला जे काही सांगत होता, ते मी इथे लिहू शकत नाही.

२०१९ चा पूर माझ्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आला. शिरोलीला महामार्गच पाण्याखाली, पुण्याकडून काही येईना. पेट्रोलला रांगा, भाजी गायब. आमच्या मेसच्या मावशींनी आठवडाभर पिठलं-भात घातला आणि कोणी तोंड वाकडं केलं नाही. दुपारी आम्ही मुली पूरग्रस्तांच्या छावणीत चपात्या लाटायला जायचो. माझ्या चपात्या बघून तिथल्या एक आज्जी म्हणाल्या, "कोकणातली दिसतीस. भात लाव तू." मग मी भात लावला.

आमचं शेवटचं सेमिस्टर मार्च २०२० मध्ये तुटलं. चार दिवसांसाठी म्हणून घरी आले ती गादी आणि कुकर तिथेच ठेवून. कुकर काकींनी वर्षभर सांभाळला.

उगीच_आपलं | ५ जुलै, दुपारी २:१५

सहा प्रतिसाद झाले, अजून मिसळ नाही. मला लोकांची काळजी वाटू लागली आहे.

पोळपाट | ५ जुलै, रात्री ११:२०

ताईंनी विचारलंय, स्वस्त कशामुळे. ह्याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण माझ्या आईनं राजारामपुरीत बावीस वर्षं खानावळ चालवली. पाटी नव्हती कधी. पोरं तोंडी पत्ता सांगून यायची.

जागा आमचीच, त्यामुळे गाळ्याचं भाडं नाही. हाताखाली दोन बायका, तिसरा मी, शाळेतनं आल्यावर. दूध-दही समोरच्या गवळ्याकडनं, तांदूळ आजोळचा, आजऱ्याकडचा. भाजी सकाळच्या बाजारात नाही घ्यायची, दुपारी बाजार मोडताना घ्यायची. एवढ्यावर ते गणित बसायचं. कुणी शेठ मधे नव्हता, म्हणून परवडायचं. आता जिथे गाळा भाड्यानं घेऊन मेस काढतात तिथे एकतर दर वाढतात नाहीतर आमटीत पाणी. तेव्हा ताई, मेस बघताना पदार्थांची यादी बघू नका, खानावळ कुणाच्या घरात आहे ते बघा.

जेवण म्हणजे भाकरी किंवा चपाती, एक सुकी, एक रस्सा, भात, आमटी. बुधवारी आणि रविवारी मटण नाहीतर चिकन, तांबडा-पांढरा दोन्ही. शाकाहारी पोरांना त्या दिवशी गोड. पांढरा रस्सा वाटीवर वाटी मागायची पोरं, आई म्हणायची "नारळ काय झाडावरनं पडत्यात का माझ्याकडं?" आणि वाढायची. श्रावणात पैसे जरा सुटायचे, म्हणून श्रावण तिचा आवडता महिना. भक्ती वगैरे नंतर.

वही होती. कोण किती दिवस जेवलं, कुणाचं किती राहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलेलं पोरगं परत आलंच नाही असं दरवर्षी एक-दोघांचं व्हायचं. आई त्यांची पानं फाडायची नाही, त्यांची नावंही काढायची नाही. एकदा एक पोलीस जीप दारात थांबली, गल्ली सगळी बाहेर. उतरला तो फौजदार. आमच्याकडे जेवणारा एक, कर्नाटकच्या हद्दीकडचा. उधारी द्यायला आला होता. आईनं वही काढली, हिशेब केला आणि बरोब्बर तेवढेच घेतले. तो जास्त देत होता तर रागावली. "व्याजाचा धंदा न्हाई माझा."

खानावळ २०१६ ला बंद केली. गुडघे. (गुडघ्यांचं हे काय आहे कोल्हापूरच्या बायकांच्या, जिने फार.)

निपाणीकर | ६ जुलै, सकाळी ६:५०

पोळपाट, तो फौजदार आमच्याकडचा असणार. आमच्या भागातली मराठी शाळेत शिकलेली पोरं पुढं कोल्हापूरलाच येतात. राज्य बदलतं, पण पहाटेची एस.टी. पकडून कॉलेज आणि संध्याकाळी परत, असं मी तीन वर्षं केलं. खोलीचा खर्च शून्य. कागलच्या पुढं झोप लागायची आणि थेट स्टँडवर जाग यायची.

जुना_डबा | ६ जुलै, सकाळी ९:१५

एस.टी.चं नाव निघालं म्हणून लिहितो. माझं वय आता सदुसष्ट. १९७७ ते ८० कोल्हापुरात बी.ए. केलं. आमचं गाव गारगोटीच्या पलीकडे. खानावळ परवडत नव्हती, तेव्हा पोळपाट यांच्या मातोश्रींसारख्या बायकासुद्धा आम्हाला परवडत नव्हत्या. आमचा डबा एस.टी.नं यायचा.

आई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायची. अॅल्युमिनियमचा तीन ताळी डबा, फडक्यात बांधलेला, झाकणावर तेलरंगानं नाव आणि गाव. पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा. कोल्हापूर स्टँडवर गाडी लागली की आम्ही पाच-पंचवीस पोरं डब्यांवर तुटून पडायचो. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, चंदगड, ज्याच्या त्याच्या वाटेच्या गाड्या, ज्याचे त्याचे डबे. सकाळी आलेलं दोन वेळा पुरवायचं. रात्री भाकरी कडक व्हायची, ती आमटीत कुस्करायची, आमटी कमी पडली तर पाण्यात चटणी कालवायची. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत गेलाच पाहिजे, नाहीतर उद्या उपास.

त्या डब्यातून सगळं ये-जा करायचं. परीक्षेच्या फीचे पैसे कागदात गुंडाळून भाकरीच्या खाली. गावात कोण वारलं, कुणाची म्हैस व्याली, ते दुसऱ्या ताळात चिठ्ठीवर. मी रिकाम्या डब्यातून एकदा नापास झाल्याचं कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी डब्यात गोड शिरा आला. त्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही. वडिलांना वाचता येत नव्हतं, चिठ्ठी त्यांना कुणी वाचून दाखवली आणि काय म्हणून दाखवली कुणास ठाऊक.

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं की गाडी नाही, डबा नाही. मग ज्यांच्या गावची वाट चालू असेल त्यांच्या डब्यावर सगळे. कळंब्याच्या पोराला त्या आठवड्यात राजासारखा मान.

कंडक्टरांनी एका डब्याचे पैसे घेतल्याचं मला आठवत नाही. एकदा आमचा डबा गाडीतच राहून डेपोत गेला. त्या कंडक्टरनं ड्युटी संपल्यावर सायकलवरून तो खोलीवर आणून दिला होता.

तिकटीवरचा | ६ जुलै, सकाळी ९:४०

आजोबा, नाद खुळा. आमच्या वडिलांनीबी ह्योच डबा खाल्लाय.

दसरा_चौक | ६ जुलै, दुपारी १२:०५

स्वस्ताईचं कारण खानावळींच्याही मागे जातं. हे गाव विद्यार्थ्यांना परवडावं म्हणून मुद्दाम कुणीतरी तशी सोय केली. शाहू महाराजांनी.

१८९६ ला राजाराम वसतिगृह निघालं ते सगळ्यांसाठी. प्रत्यक्षात फायदा जवळजवळ एकाच वर्गाच्या मुलांना झाला. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, १९२० ला प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग. मधे लिंगायत, शिंपी, सोनार अशा अनेक समाजांची. जागा आणि अनुदान दरबारचं, चालवायचं त्या त्या समाजानं. खेड्यातला मुलगा शाळेपासून लांब राहतो तो फीमुळे कमी आणि शहरात राहायचं-खायचं कुठे यामुळे जास्त, हे त्यांना कळलं होतं. दसरा चौकात उभं राहिलं तर आजही आसपास यातली काही दिसतात. कोल्हापूरला "वसतिगृहांची जननी" म्हणतात ते यामुळे.

परतीचं_तिकीट | ६ जुलै, दुपारी १२:५०

आदर ठेवून विचारतो. जातवार वसतिगृहं काढून जात घट्टच झाली ना? मी एका वसतिगृहात चौकशीला गेलो होतो तेव्हा पहिला प्रश्न आडनावाचा होता.

दसरा_चौक | ६ जुलै, दुपारी १:३०

प्रश्न रास्त आहे आणि तो तेव्हाही विचारला गेला. पण सगळ्यांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहाचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकरीत पन्नास टक्के जागा मागासलेल्यांना राखून ठेवायच्या तर त्या जागांवर बसायला शिकलेली मुलं हवीत. ती कुठून आणायची? ज्या त्या समाजाला आपल्या पोरांसाठी हात हलवायला लावायचं हा त्यावरचा तोडगा होता.

तोडग्याला मर्यादा होत्याच. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना बाहेर काढलं, अशी हकिकत सांगतात. पुढे त्याच माणसानं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याला सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवलं. म्हणजे तुमचा प्रश्न भाऊरावांनी स्वतः सोडवायला घेतला, आणि ते याच बोर्डिंगांच्या गावात शिकलेले होते.

आडनावाचा प्रश्न आजही विचारला जात असेल तर ती आजची लाज आहे. ती महाराजांच्या नावावर घालू नका.

परतीचं_तिकीट | ६ जुलै, दुपारी २:१०

मान्य. पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून मी लिहितो, शिव्या द्या हवं तर. कोल्हापूर शिकायला स्वस्त आहे, मान्य. शिकून झाल्यावर काय? माझ्या बॅचचे चौतीस जण, त्यातले तीन कोल्हापुरात आहेत, दोघांची घरची शेती आणि एकाचं वडिलांचं दुकान. बाकी पुणे, बंगळूर, मुंबई. गोकुळ शिरगाव आणि कागलला कारखाने आहेत, फाउंड्री आहेत, पण एम.एस्सी.वाल्याला तिथे किती जागा? गाव इतकं सुखाचं आहे की दोन वर्षं कशी गेली कळत नाही, आणि मग वर्गातले निम्मे अभ्यासिकेत एमपीएससीच्या खुर्च्या धरतात, कारण त्या निमित्ताने गाव सोडावं लागत नाही. मीही धरली होती. चार वर्षं.

स्वस्ताईसुद्धा किती दिवसांची, सांगता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. माझ्या जुन्या घरमालकांनी त्याच दिवाळीत नव्या पोरांना भाडं वाढवून सांगितलं. "वकील विचारायला यायला लागलेत," म्हणाले.

सागरमाळ | ६ जुलै, दुपारी ३:००

हे खरं आहे. मी स्वतः नाशिकला बसून हा धागा लिहितोय.

तिकटीवरचा | ६ जुलै, दुपारी ३:१२

काय मर्दा, पोरीच्या आईला घाबरवतायसा. ताई, हे बघा. फिजिक्सला हितनं पीएच.डी. करून परदेशात गेलेली पोरं लई हायेत. आणि खर्च वाचवायची एक युक्ती सांगतो. संध्याकाळी पोट भरायचं तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायाचं. म्हस समोर, धार समोर, गलास हातात. त्याच्यावर दोन तास काय लागत न्हाई. आणि सकाळी मिसळ.

उगीच_आपलं | ६ जुलै, दुपारी ३:१३

सोळा! सोळाव्या प्रतिसादाला मिसळ. धाग्याचं सोनं झालं.

पंचगंगा_काठ | ६ जुलै, दुपारी ३:२०

मिसळीबरोबर पाव मागू नका एवढं पोरीला सांगा. स्लाइस ब्रेड येतो. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, परत मागायला पैसे पडत नाहीत. फडतरे की बावडा यावर मी इथे बोलणार नाही, माझं लग्न टिकवायचं आहे.

मधली_सुट्टी | ६ जुलै, सायंकाळी ५:४५

कट वडा राहिला. खासबागेजवळची भेळ राहिली. कॉकटेल आईस्क्रीम राहिलं. आणि केशवराव भोसले नाट्यगृह राहिलं. आम्ही राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं तिथे बघायचो, तिकीट इतकं कमी की नाटकाआधी भेळ परवडायची. ८ ऑगस्ट २०२४ ला ते जळालं त्या रात्री आमच्या जुन्या ग्रुपवर पहाटेपर्यंत कोणी झोपलं नव्हतं. ग्रुपवरचे निम्मे तेव्हा बंगळूरला होते.

वऱ्हाडची_माय | ६ जुलै, रात्री १०:३०

सगळ्यांचे फार आभार. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. डब्याच्या चिठ्ठीपाशी आल्यावर हे उठून पाणी प्यायला गेले. जुना_डबा काका, ह्यांचं म्हणणं असं की शिरा तुमच्या वडिलांनी करायला लावला असणार. मला वाटतं आईनं. आमचा वाद चालू आहे.

वसतिगृहाचा अर्ज आज टाकला. दाखलेही काढते. परतीचं_तिकीट, तुमचंही लेकीला दाखवीन, पण प्रवेश पक्का झाल्यावर.

जुना_डबा | ७ जुलै, सकाळी ६:३०

वहिनी, यजमानांना नमस्कार सांगा. आईनंच केला असणार, पण दूध-साखर आणली कोणी हा प्रश्न राहतोच. आमच्या घरात साखर सणाला यायची.

वऱ्हाडची_माय | १८ सप्टेंबर, रात्री ८:५५

धागा वर काढते, माफ करा. विचारणाऱ्यांसाठी: वसतिगृह मिळालं नाही, यादीत नाव खाली आहे. प्रतिभानगरात एका घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली, तिघीजणी. पुराचं विचारलं होतं. घरमालक आजोबा चिडले नाहीत, उलट म्हणाले "कुणीतरी शिकवून पाठवलंय वाटतं." डबा घरगुतीच लावला, पाटी नाही.

लेकीला धाग्याचा पत्ता लागला. रागावली नाही. मिसळीच्या प्रतिसादावर तिचं एक मत आहे, ते तीच कधी लिहील.

काल फोनवर बोलत होतो. इकडचं तिकडचं झालं, लॅब झाली, डब्यातली भाजी झाली. शेवटी म्हणाली, "बरं आई, ठेवतो मी." मी म्हटलं, काय म्हणालीस? तर म्हणते, "काही नाही, ठेवतो म्हटलं, काकींकडं जाऊन येतो."

ह्यांना सांगितलं नाही अजून.

तिकटीवरचा | १८ सप्टेंबर, रात्री ८:५८

झालं.

पंचगंगा_काठ | १८ सप्टेंबर, रात्री ९:१०

ताई, यादी अधूनमधून बघत राहा. दिवाळीच्या सुमाराला काही मुली वसतिगृह सोडतात, तेव्हा खालची नावं वर सरकतात. आणि नवरात्रात याल तर परतीचं आरक्षण आत्ताच करून ठेवा.